दारावर जायचं राहून गेलं

मागच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले. नाना (माझे वडील) वारल्यानंतर दोनदा घाईघाईत येऊन गेले होते, पण आखाजीला पहिल्यांदाच. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. लिंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमली. ‘कव्हय उनी वं माय?’ (कधी आलीस गं?) असं विचारून झालं, चहा झाला. मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात केअर होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या निवासात काम करते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून बोलणं कोरोनावर गेलं आणि जेवायची वेळ टळली तरी थांबलं नाही.

आप्पा म्हणाले, ‘काही नही व्हतं ते. सर्दी-पडसं व्हतं. नुसती पैसा कमावानी भानगड व्हती.’ आयटीआय केलेला चुलतभाऊ म्हणाला, आजार होता की नव्हता सोड, लस घेतल्यापासून तरणी पोरं उभ्या उभ्या पडताहेत. डेअरीवर असतात ते काका म्हणाले, आमचं मरण वेगळंच होतं. खरेदी केंद्र बंद, कापूस मे महिन्यापर्यंत घरात पडून, त्या कापसाने लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली आणि रात्र रात्र कुणी झोपलं नाही. कुणी रेमडेसिवीरच्या एका इंजेक्शनला किती मोजले ते सांगितलं. आवाज चढले. त्या दोन तासांत एका माणसाचं नाव मात्र निघालं नाही. ओट्यापासून तिसऱ्या दारात राहणाऱ्या दादाचं. तो एप्रिल २०२१ मध्ये गेला. माझ्या नानांचंही नाव निघालं नाही, आणि आम्ही त्यांच्याच ओट्यावर बसलो होतो.

हे मला लागलं, ते अजून जात नाही. म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर जातात. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते: दारावर जाणं म्हणजे भेटायला जाणं नव्हे. बायका गल्लीच्या तोंडापासून रडत येतात, घरातल्या बाईच्या गळ्यात पडतात, मग तिला बोलतं करतात. काय झालं, कधी झालं, शेवटचं काय बोलले, पाणी कुणी पाजलं. तेच ती दहा वेळा सांगते, प्रत्येक टोळीला नव्याने. पुरुष बाहेर सतरंजीवर बसतात, फार बोलत नाहीत, पण बसतात. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक संपवण्याच्या विधीपर्यंत, हे चालतं. लहानपणी मला याचा कंटाळा यायचा. आता कळतं की तेच तेच सांगता सांगता घरातल्या माणसाला ते मरण खरं वाटायला लागतं.

२०२० आणि २१ मध्ये हेच बंद झालं. वीस माणसांत अंत्यविधी, पुढे तेवढीही नाहीत. बंद करणं भागच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जी दारं राहून गेली, त्या दारांवर नंतरही कुणी गेलं नाही.

नाना २०२१ मध्ये आखाजीच्या आठ दिवस आधी गेले. त्या वर्षी आखाजी १४ मे रोजी होती. ब्रिटनने २३ एप्रिलपासून भारताला लाल यादीत टाकलं होतं; परत येताना दहा दिवस हॉटेलात कोंडून राहायचं, त्याचे १,७५० पौंड आपण भरायचे. पैशांचं कसंही केलं असतं. पण इकडून निघून गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं, तीन तासांत उरकायला सांगितलं होतं. भावाने फोन धरला. त्याचा हात इतका कापत होता की मला बराच वेळ नुसतं आभाळ आणि कुणाच्या तरी पांढऱ्या किटचा खांदा दिसत होता. मग रेंज गेली. मी त्या दिवशी रात्रपाळीला गेले, कारण इथे माझ्या जागी दुसरं कुणी नव्हतं.

इथलं सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. २०२० च्या वसंतात रुग्णालयं रिकामी करायला म्हाताऱ्या रुग्णांना तपासणी न करता केअर होममध्ये पाठवलं गेलं. आमच्याकडेही असे दोघं आले. त्यानंतर तीन आठवड्यांत ज्यांना मी रोज आंघोळ घालायचे, त्यांतली माणसं एकेक करून गेली. त्यांची मुलं बाहेर बागेत उभी राहून खिडकीच्या काचेला हात लावायची, आतून आम्ही आजीचा हात उचलून तिथेच टेकवायचो. पुढे उच्च न्यायालयाने, एप्रिल २०२२ मध्ये, ते धोरण बेकायदा होतं असा निकाल दिला. लोकांना घरात बसवून पंतप्रधानांच्या घरी मेळावे झाले, त्याबद्दल पंतप्रधानांना दंड झाला. लेस्टरला तर जून २०२० अखेर साऱ्या देशाआधी एकट्यानेच पुन्हा टाळेबंदी सोसावी लागली, तेव्हा आम्हा भारतीय वस्तीकडे बोटं दाखवली गेली.

फरक आहे तो नंतरचा. लंडनमध्ये थेम्सच्या काठी, संसदेच्या बरोबर समोर, जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब भिंत आहे. मार्च २०२१ मध्ये घरची माणसं गमावलेल्यांनी तिच्यावर लाल बदाम रंगवायला सुरुवात केली, एका मृत्यूला एक. आज दोन लाखांच्या वर बदाम आहेत. रंग उडाला की स्वयंसेवक पुन्हा भरतात. मी गेले होते. माझ्या केअर होममधल्या आजींची नावं शोधली. एक सापडलं, लेकीच्या अक्षरात. शिवाय न्यायमूर्ती राहिलेल्या हेदर हॅलेट यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी चौकशी चालू आहे. माजी पंतप्रधानांना शपथेवर उत्तरं द्यावी लागली, आणि सामान्य माणसांनी आपली हकीकत सांगावी म्हणून वेगळी सोय केली गेली. यातून मेलेलं माणूस परत आलं नाही. पण ‘काही नव्हतंच’ असं त्या भिंतीसमोर उभं राहून म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

लशीचंच बघा. कोविशिल्ड आणि इथली ॲस्ट्राझेनेका लस एकच. ती घेतल्यावर फार थोड्यांना रक्ताच्या गुठळ्या होतात हे लक्षात आल्यावर इथे एप्रिल २०२१ मध्येच तिशीच्या आतल्यांना आणि मे मध्ये चाळिशीच्या आतल्यांना तिच्याऐवजी वेगळी लस देऊ केली. ज्यांना खरंच इजा झाली असं ठरलं त्यांना १ लाख २० हजार पौंडांची भरपाई आहे. ती मिळवणं सोपं नाही, पण आहे. माझ्या चुलतभावाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला कळलं ते २०२४ मध्ये, कंपनीने कोर्टात काय कबूल केलं त्याच्या बातम्या आल्या तेव्हा, व्हॉट्सॲपवर, वाढवून-चढवून. मी त्याला सांगितलं की भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तरुणांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, त्यात लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. उलट कोरोनाने दवाखान्यात भरती व्हावं लागलेल्यांना धोका जास्त दिसला. तो म्हणाला, ‘ताई, हे तेव्हा गावात येऊन का नाही सांगितलं?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भावाचं चुकतंय असं मला वाटतं, पण तो ज्या रागाने बोलतो तो राग खोटा नाही. ज्या गोष्टीबद्दल कुणी समोर बसून बोलत नाही, तिच्याबद्दल माणसं मागून वाटेल ते बोलतात.

आप्पांसाठी मी आकडेही काढले. कोरोनाने गेलेल्यांचा आपला सरकारी आकडा सुमारे ५.३ लाख. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २१ साठी ४७ लाखांचा अंदाज दिला, तो सरकारने अमान्य केला. तो वाद बाजूला ठेवू. आपल्याच जन्म-मृत्यू नोंदणीचे आकडे घेऊ: देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१.२ लाख, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. नोंदणी सुधारते, लोकसंख्या वाढते, म्हणून सगळी वाढ कोरोनाची धरता येणार नाही. पण एका वर्षात वीस लाखांवर माणसं जास्त गेली, ती सर्दी-पडशाने नव्हे.

आपल्याकडे अभिमानाने सांगण्यासारखंही घडलं, आणि ओट्यावर तेही कुणी काढलं नाही. दुसऱ्या लाटेत सगळीकडे ऑक्सिजनसाठी धावाधाव असताना नंदुरबारकडे साऱ्या देशाचं लक्ष गेलं, कारण तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेतच, सप्टेंबर २०२० मध्ये, ऑक्सिजनचा प्रकल्प उभा केला होता. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा, भिल्ल घरातला पोरगा. मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा रस्त्याने हजारो मजूर पायी बिजासन घाटाकडे चालले होते, तेव्हा धुळे-शिरपूरच्या लोकांनी त्यांना भाकरी-पाणी दिलं. आणि पुढच्याच जून महिन्यात जळगावात एका वृद्ध महिला रुग्णाचा देह ती बेपत्ता झाल्यावर कित्येक दिवसांनी रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. ही दोन्ही खान्देशचीच माणसं, दोन्ही आठवायला हवीत.

म्हणून मी ग्रामसभेत एक मागणी करा असं भावाला सांगून आले. लंडनसारखी भिंत नको, आपल्याला ती रीत नाही. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतली २०२० आणि २१ ची नावं एकदा सर्वांसमोर मोठ्याने वाचा. कोण कशाने गेलं यावर तिथे भांडू नका, फक्त नावं वाचा. मग ज्यांच्या घरी तेव्हा जाता आलं नाही, त्यांच्या दारावर जा. सरपंच म्हणाले, पाच वर्षांनी खपली कशाला काढायची? मला वाटतं खपली धरलेलीच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी दादाच्या दारावर गेले. वहिनी ज्वारी निवडत होत्या. मी गळ्यात पडले नाही, इतक्या वर्षांनी ते जमेना. शेजारी बसले आणि विचारलं, वहिनी, काय झालं होतं? त्यांनी सूप खाली ठेवलं. दादाची तपासणीच झाली नव्हती, तालुक्याला किट संपले होते. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वारसांना पन्नास हजार मिळत होते, त्यासाठी त्या तीनदा गेल्या. रिपोर्ट नाही म्हणून परत पाठवलं. मग आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या, दोनशे पानी, लेकीची शाळेची. तिच्या मागच्या पानावर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं: सकाळी ७ वाजता ९२. १० वाजता ९०. दुपारी १ वाजता ८८. ४ वाजता ८८. रात्री ९ वाजता ८१, त्याखाली दोन रेघा ओढलेल्या. ऑक्सिमीटर शिक्षकांकडून मागून आणला होता, लेक दिवसभर लिहायची, तेव्हा ती सातवीत होती.

‘ही वही मी तिन्ही वेळा सोबत नेली,’ वहिनी म्हणाल्या, ‘कोणी उघडली नाही.’

मी प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचला. रात्री ११ वाजता ७४. त्यानंतर काही लिहिलेलं नाही. पुढच्या पानावर, त्याच अक्षरात, डेअरीच्या दुधाचा हिशोब सुरू होतो.