अर्धा दिवाळी अंक

गेल्या महिन्यात गोव्यात बार्देशातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले होते. नाव लिहीत नाही, कारण हे करणारं ते एकटं दुकान नव्हे. भिंतीवर ओळीने फ्रेमा लावलेल्या. आत जुन्या मराठी अंकांची पानं: समई लावणारी नऊवारीतली बाई, घोड्यावरचा मावळा, केसांच्या तेलाची जाहिरात. प्रत्येकीखाली ‘व्हिंटेज’ असं लिहिलेली चिठ्ठी आणि दोन हजारांच्या वरची किंमत. टेबलाखाली एका खोक्यात उरलेले अंक पडले होते, चित्रं कापून घेतलेले. मी विचारलं तर विकणारा म्हणाला, “ती रद्दी गो बाय. जाय जाल्यार पन्नास दी आनी व्हर.”

पन्नास रुपये देऊन त्यातला एक घरी आणला.

तो आता माझ्या टेबलावर आहे. मुखपृष्ठ नाही, अनुक्रमणिका नाही, त्यामुळे कुठला अंक तेही कळत नाही. जाहिरातींतल्या किमती ‘न. पै.’मध्ये आहेत, म्हणजे १९५७ ते १९६४ मधला कुठला तरी. मधली सात पानं पट्टी लावून ब्लेडने कापली आहेत. कापणाऱ्याचा हात सफाईदार होता, हे कबूल करावं लागेल. पण त्या प्रत्येक चित्राच्या पाठीमागे मजकूर होता. एक कथा आहे, त्यात बदली झालेला मास्तर रात्री शेवटच्या तरीने नदी ओलांडतो, अंधारात एका घराची कडी वाजवतो, आतून कुणीतरी “कोण?” म्हणून विचारतं आणि पुढचं पान नाही. ते पान कुणाच्या तरी हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून लटकलेलं असणार.

मला याचा इतका त्रास का होतो ते सांगते. मी फोंड्याला मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. मला जे काही येतं, त्यातलं निम्मं अशा अंकांनी शिकवलं. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत दिवाळी अंक होते. दर मे महिन्यात ते बाहेर काढून, पानं उलटून, कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवायचं काम माझं. ते काम संध्याकाळपर्यंत कधीच संपायचं नाही.

त्या पेटीत चित्रकार दलालांची चित्रं होती, मुळगावकरांची होती. दीनानाथ दलाल मडगावात जन्मले, १९१६ साली. १९४५मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. रघुवीर मुळगावकर अस्नोड्याचे. महाराष्ट्रातल्या घराघरांत ज्यांनी कॅलेंडरं आणि मुखपृष्ठं पोचवली, ते हे दोघे आपल्या मातीतले. माझ्या वर्गातल्या मुलांना मी नावं विचारली तर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा सगळ्यांना माहीत, आणि तो असायलाच हवा. दलाल मात्र एकालाही माहीत नव्हते. मडगावच्या मुलीलाही नाही.

एकदा भिंगाखाली पेटीतलं एक रंगीत चित्र पाहिलं. नुसत्या डोळ्यांनी गुळगुळीत दिसणारा गाल भिंगाखाली ठिपक्यांचा झाला. निळे, तांबडे, पिवळे, काळे. तेव्हा प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा असायचा, तोच कागद एकेका रंगासाठी पुन्हा मशीनवर चढायचा, आणि एखादा केसभर सरकला की छापखान्यातले लोक म्हणायचे, रजिस्टर हललं. त्या चित्रात तांबडा हलला होता. बाईच्या ओठांचा रंग ओठांच्या रेषेबाहेर डावीकडे सांडलेला. दोष होता तो, छापणाऱ्याने बहुतेक शिव्याही खाल्ल्या असतील. पण त्या हललेल्या रंगामुळे ती बाई आत्ताच मान वळवून बघतेय असं वाटत होतं. मी कितीतरी दिवस तेच चित्र काढत बसले. रेषा एकीकडे, रंग जरासा दुसरीकडे. पुढे माझ्या एका पुस्तकातली सगळी पाखरं मी तशीच रंगवली.

ही गोष्ट फ्रेममधून मिळाली नसती. फोनवर स्क्रोल करूनही नाही. पिंटरेस्टवर चित्र एकटं येतं. अंकात ते एकटं नसतं. शेजारी कविता असते, खाली साबणाची जाहिरात, आणि चित्रकाराने पदराचं टोक दोन कॉलमांच्या मधून नेमकं कसं खाली उतरवलंय ते दिसतं. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं जुळवणाऱ्यासाठी किती जागा सोडलीय ते दिसतं. ‘सजावट’ हा आपल्याकडचा शब्द किती अचूक होता, ते असा अंक हातात घेतल्यावर मला पटलं. त्या माणसाने चित्रासोबत सगळं पान मांडलेलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, जुनं पुस्तक कापू नये. फ्रेमसाठी नाही, कोलाजसाठी नाही, शाळेच्या प्रोजेक्टसाठी तर मुळीच नाही. आवडलं तर त्याच्यासमोर बसा आणि हाताने उतरवा. झेरॉक्स काढा, फोटो काढा, पण त्याआधी एकदा तरी पेन्सिल घ्या. डोळा जिथे पटकन पुढे जातो, तिथे हात अडतो, आणि जिथे हात अडला तिथेच काहीतरी शिकायचं असतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आणि यासाठी महागड्या दुकानात जावं लागत नाही. शुक्रवारी म्हापशाला गेले की मी भाजीआधी जुनंपानं मांडून बसलेल्यांकडे जाते. शेजारच्या घराचं छप्पर बदललं तेव्हा उतरवलेली मंगलोरी कौलं ते फेकणार होते, मी चार मागून आणली. एकावर उठावाची अक्षरं होती, बासेल मिशन (स्वित्झर्लंडची मिशनरी संस्था), खाली १८६५, म्हणजे त्यांचा मंगळूरचा कारखाना सुरू झाला ते साल. त्यावर पातळ कागद ठेवून मुलांना पेन्सिल आडवी घासायला लावली. मातीतून अक्षर वर आलं तेव्हा वर्गात जो आवाज झाला, तो कुठल्याही स्पर्धेच्या बक्षिसाला झालेला नाही. दोन मुलींनी मग आपापल्या नावाची अक्षरं त्याच वळणाने काढली. देवनागरीत, त्याच जाड्या ठोकळेबाज अंगाने.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर ‘हॉर्टस मलाबारिकस’ एकदा नक्की बघा. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेले बारा खंड, मलबारच्या झाडांची तांब्यावर कोरलेली चित्रं. त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते, त्यांनी लिहून दिलेलं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे. चित्रांवर झाडांची नावंही नागरीत आहेत. ज्याने तिकडे ती तांब्यावर कोरली त्याला ती वाचता येत नसणार, पण त्याने ती वेलीच्या तणाव्यासारखी वळवलीत. इंटरनेटवर त्याच्या स्कॅन प्रती फुकट मिळतात. मी मुलांच्या पुस्तकाचं शीर्षक लिहायला बसते तेव्हा ती पानं समोर उघडी असतात.

बाकी आपलं पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय आहेच, १८३२ साली सुरू झालेलं. आता पणजीतच पाटो भागातल्या नव्या इमारतीत आहे. तिथे वही-पेन्सिल घेऊन अर्धा दिवस घालवा.

आता एक विनंती. गोव्यात पावसाळ्याआधी घरं आवरली जातात आणि पेट्या रिकाम्या होतात. तुमच्या माळ्यावर असे अंक असतील तर रद्दीत देण्याआधी मला कळवा. कसरीने खाल्लेले असले तरी चालतील, बुरशी आलेले असले तरी चालतील, मी येऊन घेऊन जाईन.

आणि ती मास्तरची कथा कुणी वाचली असेल तर सांगा. शेवटची होडी, पावसाची रात्र, हातात ट्रंक, नदीपलीकडचं घर. माझ्याकडे पान ११२पर्यंत आहे. पुढे दार कुणी उघडलं?