शोधखिडकीत न सापडलेले पिलाजीराव : एका संदेशाचा प्रतिवाद

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : ‘मध्ययुगातल्या सगळ्या तवारिखा आणि बखरी आता इंटरनेटवर फुकट आहेत. फारसी किंवा मोडी शिकण्याचे कारण नाही, कारण इंग्रजांनी त्या इतिहासकारांचेच शब्द आठ खंडांत देऊन ठेवले आहेत. खंड उघडा आणि शोधखिडकीत नाव टाका. नाव आले तर घटना खरी, नाही आले तर ती नंतर कोणीतरी रचलेली. जुने लिखाण म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले, त्यामुळे त्यावर शंका घेऊ नका. हिजरी सनात 622 मिळवले की इसवी सन मिळतो. पान वाचता आले नाही तर फोटो काढून एआयला द्या. प्राध्यापकांनी हे सारे इतकी वर्षे दडवून ठेवले होते.’

असे संदेश रोज येतात आणि मी ते वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण माझी भाची आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी गायकवाड घराण्याच्या आरंभावर लेख लिहीत होती आणि तिच्या कच्च्या मसुद्यात मला पुढील वाक्य आढळले : ‘पिलाजीरावांची डाकोरला हत्या झाली ही दंतकथा असावी, कारण समकालीन साधनांत त्यांचे नाव सापडत नाही.’ विचारल्यावर तिने तो संदेश दाखवला. मुलगी कष्टाळू आहे आणि तिने सांगितल्याप्रमाणे सारे केले होते. म्हणून दोष तिचा नाही आणि उत्तर संदेशालाच द्यायला हवे.

सर्वांत घातक दावा शोधखिडकीचा आहे, तेव्हा तोच आधी घेतो. संदेशात म्हटलेले आठ खंड म्हणजे एलियट आणि डाऊसन या इंग्रजांनी काढलेले खंड, आणि त्यांपैकी पाचव्याचा दुवा संदेशासोबत होता. भाचीने त्यात आजच्या इंग्रजी वर्णलेखनाने ‘गायकवाड’ टाकून पाहिले आणि निकाल शून्य आला. तो शून्यच येणार होता. पाचवा खंड अफगाण सत्तेच्या अखेरीपासून अकबराच्या कारकिर्दीच्या पहिल्या अडतीस वर्षांपर्यंतचा आहे, म्हणजे तो सोळाव्या शतकातच थांबतो, आणि बडोद्याच्या गायकवाडी राज्याचा पाया घालणारे पिलाजीराव मारले गेले 1732 मध्ये. ज्या पुस्तकाचा काळ माणसाच्या जन्माआधीच संपतो त्या पुस्तकाची साक्ष काढून तो माणूस कसा मेला हे ठरवायला सांगणाऱ्याने ते पुस्तक स्वतः उघडले नव्हते, एवढे तरी यातून नक्की होते.

पुस्तक योग्य काळाचे असते तरी शून्य निकालाला अर्थ नव्हता. स्कॅन केलेले पुस्तक म्हणजे पानांची छायाचित्रे असतात. त्या छायाचित्रांवरून यंत्राने अक्षरे ओळखून तयार केलेला मजकूर पानांच्या मागे ठेवलेला असतो आणि शोध त्या मजकुरात होतो, पानांवर होत नाही. स्वच्छ इंग्रजी छपाई असेल तर तो मजकूर बऱ्यापैकी बिनचूक निघतो. जुन्या देवनागरी छपाईत जोडाक्षरे आणि फिकट मात्रा यांमुळे त्याचा पार विचका होतो, शिळाप्रेसवर नस्तालीक वळणात छापलेल्या फारसी ग्रंथात तो वाचण्याच्या लायकीचाही नसतो, आणि मोडी हस्तलिखिताच्या स्कॅनमागे बहुधा मजकूर नसतोच. इंटरनेट आर्काइव्हवर हा यंत्राने वाचलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये उघडून पाहता येतो. कोणत्याही ग्रंथात शोध घेण्यापूर्वी त्या फाइलमधली दोन-तीन पाने मूळ छायाचित्रांशी ताडून पाहावीत, म्हणजे त्या शोधावर किती विसंबायचे ते लगेच कळते.

त्यातही वर्णलेखनाची अडचण राहतेच. जुन्या इंग्रजी पुस्तकांत गायकवाड हे आडनाव गुइकोवार, गायकवार, गाइकवार अशा उच्चारांना धरून निरनिराळ्या रीतींनी लिहिलेले आढळते, आणि बडोदे, खंबायत, भडोच या गावांचीही तीच गत आहे. नाव शोधायचे तर ते त्या काळचा लेखक कसे लिहीत होता हे आधी पुस्तकाच्या अखेरच्या सूचीतून काढावे आणि मग त्याच वर्णलेखनाने शोधावे. छापील सूची माणसाने केलेली असते, म्हणून माझ्या मते ती अजूनही शोधखिडकीहून अधिक विश्वासार्ह आहे.

आता पिलाजीरावांविषयी. गुजरातच्या त्या काळासाठी पाहायचा ग्रंथ म्हणजे ‘मिरात-ए-अहमदी’. त्याचा कर्ता अली मुहम्मद खान लहानपणीच गुजरातेत आला, 1746 मध्ये सुभ्याचा दिवाण झाला, आणि 1761 च्या सुमारास त्याने हा ग्रंथ पूर्ण केला. म्हणजे डाकोरची घटना त्याच्या स्वतःच्या हयातीतली, त्याच्याच सुभ्यातली आहे, आणि सरकारी दप्तर त्याच्या हाताखालचे होते. जोधपूरचा महाराजा अभयसिंह तेव्हा गुजरातचा सुभेदार होता आणि वाटाघाटीच्या निमित्ताने आलेल्या त्याच्या माणसांनी पिलाजीरावांना मारले, ही हकीकत इतिहासात सिद्ध मानली जाते ती अशा साधनांच्या बळावर. या ग्रंथाची फारसी संहिता सय्यद नवाब अली यांनी संपादित केली आणि ती गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये आपल्याच शहरातून निघाली. त्याच मालेत लोखंडवाला यांचा इंग्रजी अनुवाद 1965 मध्ये आला. ज्या घराण्याच्या राजाने ही ग्रंथमाला सुरू करून दिली, त्याच घराण्याच्या मूळ पुरुषाचा मृत्यू त्याच गावातल्या स्मरणिकेत दंतकथा ठरावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

आणि समजा, एखाद्या तवारिखेत एखादे नाव खरोखरच नाही. तरीही त्यावरून एवढेच म्हणता येते की त्या लेखकाने ते लिहिले नाही. दरबारासाठी लिहिणारा इतिहासकार मोहिमा, नेमणुका, नजराणे आणि मृत्यू नोंदवतो. गावचा पाटील, देशमुखी वतन, पेठेतला सावकार हे त्याच्या लेखणीखाली क्वचितच येतात. त्यांच्यासाठी महजर (निवाड्याचे कागद), वतनपत्रे आणि हिशेबाचे कागद पाहावे लागतात, आणि ते बहुतांश मोडीत आहेत. पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसायांनी 45 खंड छापून काढले तेही निवडक कागदांचेच आहेत. सरदेसायांची सारी नोकरी बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या पदरी झाली, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता आठ खंडांबद्दल. ‘इतिहासकारांचेच शब्द’ हे त्या खंडांच्या नावात आहे खरे, पण आत आहेत ते इंग्रजी अनुवादातले निवडक उतारे. निवड हेन्री एलियट या कंपनीच्या अधिकाऱ्याची होती. तो 1853 मध्ये वारला आणि त्याचे कागद घेऊन जॉन डाऊसनने 1867 ते 1877 या काळात खंड प्रसिद्ध केले. एलियटने 1849 च्या आपल्या प्रस्तावनेत हेतू लपवलेला नाही : हे उतारे वाचून इथल्या प्रजेला इंग्रजी राज्याचे फायदे अधिक चांगले कळतील, असे तो उघड लिहितो. अशा हेतूने निवडणारा माणूस जुलमाची पाने ठेवणार आणि महसुलाची, बांधकामाची, विद्वानांची पाने गाळणार, हे समजायला फार बुद्धी लागत नाही. मूळ ग्रंथात दोन उताऱ्यांच्या मध्ये काय होते हे त्या खंडांवरून कळत नाही.

ज्यांना हे माझे मत वाटेल त्यांनी शाहपूरशाह होडीवाला यांचे काम पाहावे. होडीवाला जुनागढच्या बहाउद्दीन कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक होते, म्हणजे आपल्या शेजारचेच. या आठ खंडांवर त्यांनी टीकात्मक भाष्य लिहिले. त्याचा पहिला खंड 1939 मध्ये आणि पुरवणीचा दुसरा 1957 मध्ये निघाला. त्यांची पद्धत अशी की एलियट-डाऊसनच्या खंडाचे आणि पानाचे आकडे देऊन तिथल्या वाक्याची मूळ फारसी ग्रंथांशी, नाण्यांशी आणि भूगोलाशी तपासणी करायची. फारसी लिपीत एखादा नुक्ता, म्हणजे अक्षराचे टिंब, सुटला की गावाचे नाव दुसरेच होते, आणि अशा चुकीच्या वाचनामुळे सैन्य भलत्याच वाटेने गेलेले दिसते. अशा जागा ते एकेक करून दुरुस्त करतात. एखाद्या अनुवादावर इतके तपशीलवार शुद्धिपत्र लिहावे लागले असेल, तर तो अनुवाद मूळ ग्रंथाच्या जागी कसा ठेवता येईल? हे खंड जरूर वापरावेत. मूळ ग्रंथाकडे जाण्याचा पत्ता म्हणून ते उपयोगी आहेत, पण त्यातला उतारा लेखात देण्यापूर्वी तेच पान होडीवालांच्या भाष्यात उघडून पाहावे. त्यांनी पानाचे आकडे दिलेले असल्यामुळे याला फारसा वेळही लागत नाही.

गुजरातच्या अभ्यासकाने आणखी एक ध्यानात घ्यावे. इथल्या सुलतानांच्या इतिहासासाठी ते आठ खंड अपुरे पडले, म्हणून एडवर्ड क्लाइव्ह बेली याला गुजरातवर स्वतंत्र पुस्तक तयार करावे लागले, आणि ते त्याच्या मृत्यूनंतर 1886 मध्ये निघाले.

जुने म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले, या दाव्याला आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने चांपानेर-पावागड घेतला तो 1484 मध्ये. त्याचे रसभरीत वर्णन ज्या ‘मिरात-ए-सिकंदरी’त वाचतात ती सिकंदर बिन मंझूने 1611 च्या सुमारास लिहिली, म्हणजे मधे सव्वाशे वर्षे गेली होती. त्याच्या हाती जुने ग्रंथ होते, म्हणून त्याचे लिखाण मोलाचे आहे, पण त्याला पावागडच्या पायथ्याशी उभे करता येणार नाही. बेगडा रोज विष खात असे आणि त्याच्या थुंकीने माणसे मरत, ही गोष्टही आजकाल ‘तवारिखेत आहे’ म्हणून सांगितली जाते. ती वार्थेमा या इटालियन प्रवाशाने युरोपातल्या वाचकांसाठी लिहिलेल्या वर्णनातली आहे. बखरींचेही असेच आहे. सभासदाने शिवाजी महाराजांचा काळ स्वतः पाहिला होता आणि त्याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिले, तर मल्हार रामराव चिटणिसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाली. दोन्हींवर ‘बखर’ असे लिहिलेले असले तरी त्यांची साक्ष एका तोलाची नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात पानिपतच्या काळची अस्सल पत्रे छापली आणि बखरींची झडती घेतली, तेव्हापासून मराठी अभ्यासकाला हे माहीत असायला हवे.

सनाच्या दाव्याला एकच हिशेब पुरे. चांपानेर पडले ते हिजरी 889 मध्ये. त्यात 622 मिळवले तर 1511 येतात, आणि 1511 हे बेगडाच्या मृत्यूचे वर्ष आहे! हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून नुसती बेरीज चालत नाही, जंत्री, म्हणजे दोन सनांच्या तारखा जुळवून देणारे कोष्टक, पाहावी लागते. गुजरातेत विक्रम संवत कार्तिकात बदलतो आणि मराठी कागदांत सुहूर सन येतो, त्यांचीही जंत्री वेगळी पाहावी.

एआयबद्दल थोडकेच लिहितो. यंत्राला अक्षर लागले नाही तरी ते वाक्य सुबक देते, आणि न लागलेली जागा कोणती हे पुष्कळदा सांगत नाही. मोडी न येणाऱ्या माणसाला ती चूक पकडता येत नाही. ज्याला थोडी मोडी येते त्याला मात्र हे साधन उपयोगी पडू शकते.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे, जरी ती संदेशात ज्या सुरात आली आहे तो सूर मला मान्य नाही. पूर्वी दुर्मीळ ग्रंथ पाहायला ओळखीची चिठ्ठी लागे, आणि काही ठिकाणी कागद बाळगणाऱ्यांनी ते होतकरू माणसाला दाखवले नाहीत, हे खरे आहे. आज दांडिया बाजारातल्या घरी बसून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने छापलेली फारसी संहिता उघडता येते. हा फरक मोठा आहे आणि हौशी अभ्यासकांचे त्यात खरोखर कल्याण आहे. पण ‘सगळ्या’ आणि ‘फुकट’ हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. आपल्या कायद्यात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे नंतरच्या चांगल्या संपादित आवृत्त्या सर्रास मोकळ्या झालेल्या नाहीत. मिरात-ए-सिकंदरीची मिश्रा आणि रहमान यांनी संपादित केलेली संहिता 1961 मध्ये आपल्याच विद्यापीठाने काढली. अशा आवृत्तीसाठी ग्रंथालयात जावे लागले तर जावे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या जुन्या स्कॅनमध्ये तर ग्रंथनामे चुकीची नोंदलेली आणि मधली पाने गळालेली आढळतात. म्हणून ग्रंथाच्या नावाने शोध लागला नाही तर संपादकाच्या किंवा मालेच्या नावाने शोधावे, उघडल्यावर मुखपृष्ठ आणि शेवटचे पान पाहावे, आणि संदर्भ देताना स्कॅनचा अनुक्रमांक न देता पानावर छापलेला आकडा द्यावा.

‘प्राध्यापकांनी दडवले’ या आरोपाला नवाब अली, मिश्रा, रहमान आणि होडीवाला ही वर आलेली नावेच उत्तर आहेत. त्या संदेशाच्या लेखकाने मात्र एकाही विधानापुढे ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पान दिलेले नाही. ते त्याने द्यावे, किंवा तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी त्याच्याकडून मागून घ्यावे, आणि तोपर्यंत आमच्या मंडळाच्या गटावर तरी तो पुन्हा टाकू नये.