सोलरच्या व्हेंट पाइपला बूच मारायला सांगणाऱ्यांनो

‘गच्चीवरच्या सोलरचा एक पाइप कंपन्या मुद्दाम उघडा ठेवतात. बूच मारा, पाणी दुप्पट तापेल.’ अशी पाच ‘गुपितं’ सांगणारा मेसेज फिरत फिरत मावशीकडे पोचला आणि तिने प्लंबरला बूच आणायला सांगूनही टाकलं. म्हणून हा खटाटोप.

ट्यूबवाला घरगुती सोलर म्हणजे प्रेशर कुकर नव्हे. आतली स्टीलची टाकी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याची असते. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 80 अंशांवर गेलं की पाचएक लिटरने फुगतं. त्याला आणि वाफेला बाहेर पडायची वाट म्हणजे हा व्हेंट. बूच मारलंत आणि पुरवठ्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) असला, तर टाकीचा सांधा उसवणार. याच्या उलटही घडतं. वरची थंड पाण्याची टाकी रिकामी आहे आणि तळमजल्यावर कोणी गरम नळ सोडला, तर पाणी खाली ओढलं जातं, हवा आत शिरत नाही आणि स्ट्रॉने ओढलेल्या ज्यूसच्या खोक्यासारखी टाकी चेपते. ती ठोकून सरळ होत नाही, नवीच घ्यावी लागते.

व्हेंटमधून पाणी वाहतं, ही तक्रार मात्र खरी असू शकते. तेव्हा पाइप आखूड असतो. त्याचं तोंड थंड टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा किमान फूटभर वर हवं. पाइप वाढवा, टोक खाली वळवा, जाळी बसवा. साधा पीव्हीसी नको, वाफेने मऊ पडून वाकतो.

‘ट्यूबा आपोआप फुटतात’: आपोआप नाही. पाणी संपून रिकाम्या ट्यूबा भर दुपारी तापतात आणि त्यात एकदम गार पाणी येतं, तेव्हा काच तडकते. सोलर सूर्योदयाआधी किंवा मावळल्यावर भरा. ट्यूबेच्या बुडाची चांदीसारखी चकाकी जाऊन पांढरं झालं असेल तर काचेच्या दोन थरांमधलं निर्वात गेलं, तेवढी एक ट्यूब बदला.

‘वीज वाचतच नाही’: केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा अंदाज आहे, 100 लिटरमागे वर्षाला सुमारे 1500 युनिट. हिशेब करून बघा. 100 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला साडेचार युनिटच्या वर लागतात. 300 दिवस ऊन धरा, आकडा जवळपास जुळतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये एकट्या सोलरवर विसंबता येत नाही, हे मान्य. त्या दिवसांत बाथरूममधला गीझर लावा. सोलरमधली विजेची कॉइल रात्रभर चालू ठेवलीत तर वाचवलेलं सगळं तिथेच जाईल.

‘सूर्यघर योजनेत फुकट’: ती योजना छतावरच्या वीजनिर्मितीच्या पॅनलची आहे, पाणी तापवण्याची नाही.

आणि क्षार काढायला संडासचं ॲसिड? त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीललाच भोकं पाडतं. बोअरचं पाणी असेल तर दर सहा महिन्यांनी सकाळी लवकर टाकीचा ड्रेन उघडून गाळ सोडा आणि ऊन चढायच्या आत पुन्हा भरा.