दहा डॉलरचं पाइसे

मी थडग्यावर बसलो होतो, हे मान्य. पण मुद्दाम नाही हो! सिंगापूरच्या त्या चिकचिक उकाड्यात बुकिट ब्राउन या जुन्या चिनी स्मशानभूमीची टेकडी चढल्यावर कुणीही कुठंही टेकेल. त्यात जुनी चिनी थडगी घोड्याच्या नालेसारखी. मागं मातीचा उंचवटा, दोन्ही बाजूंना गुळगुळीत कठडे. डोंबिवलीच्या माणसाला रिकामी खुर्चीच दिसणार.

"ऊठ!"

अर्ध्या चड्डीतले सत्तरीचे एक चिनी अंकल धावता धावता थांबले होते.

"तुझे कोण हे?"

"कुणी नाही."

"मग त्यांच्या मांडीवर कसा बसलास?"

त्यांनी समोर बोट दाखवलं. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या काही थडग्यांपुढं दगडी शीख पहारेकरी असतात, तसा एक बंदूक घेऊन उभा होता. "तुमच्याकडचाच ना? ऐंशी वर्षं उभा आहे. बसला कधी?"

मी मराठी आहे, हे सांगून काय उपयोग होता?

"आता माफी माग. माझी नको, त्यांची. हॉक्कियन या चिनी बोलीत म्हण, पाइसे."

मला ऐकू आलं 'पैसे'. देवळाच्या सवयीनं हात खिशात गेला आणि दहा डॉलरची नोट कठड्यावर ठेवून मी नमस्कारही केला. अंकलनी कपाळावर हात मारला. मेलेल्यांचे पैसे वेगळे असतात, कागदी. ते जाळून पाठवायचे. आणि पाइसे म्हणजे 'लाज वाटते, माफ करा'. मग बालवाडीतल्यासारखं तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा सूर चुकला म्हणून चौथ्यांदा.

१९२२ ते १९७३ या काळात इथं सुमारे एक लाख माणसं पुरली गेली. त्यातली चारेक हजार थडगी परवापरवा आठपदरी रस्त्यासाठी उकरली. त्या खोदयंत्राला कुणी पाइसे म्हणायला लावलं का? मी पाच मिनिटं बूड टेकलं तर पाप! हे मी बोललोसुद्धा. अंकल काही बोलले नाहीत. शीख शिपायाच्या बंदुकीवर वाळत घातलेला स्वतःचा टॉवेल काढून त्यांनी तोंड पुसलं.

मी हळूच नोटेकडं हात नेला.

"दिलेलं परत घेतोस?"

बायको तेव्हा पेरानाकान, म्हणजे चिनी-मलय मिश्र संस्कृतीच्या समाजाच्या, संग्रहालयाच्या गारव्यात मणी भरलेल्या चपला बघत होती. खोलीच्या दारातच तिनं मला अडवलं. "स्मशानातून आलायस, आधी आंघोळ." नळ सोडला, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "पाकिटात दहा डॉलर कमी कसे?"