‘आभा नंबर असला की बेळगावचे रिपोर्ट कोल्हापुरात आपोआप दिसतात’: या फॉरवर्डमध्ये खरं किती?

दवाखान्यांच्या संगणकीकरणाबद्दलचा एक मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: सॉफ्टवेअर घेतलं की महिन्यात दवाखाना पेपरलेस होतो, रांगा संपतात, औषधांच्या चुका थांबतात आणि आभा नंबर (केंद्र सरकारच्या योजनेतला आरोग्याचा ओळख क्रमांक) असला की इथले रिपोर्ट कोल्हापूर-मिरजेच्या डॉक्टरला आपोआप दिसतात. केसपेपर संगणकावर यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण ही चारही विधानं अर्धवट आहेत, आणि त्यांच्या भरवशावर खरेदी करणारे विश्वस्त पुढं अडकतात.

‘रिपोर्ट आपोआप दिसतात.’ सीमाभागात सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. इथला पेशंट रोज राज्य ओलांडतो: चंदगडचा बेळगावला येतो, निपाणीचा कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला. आभा हा 14 आकडी नंबर फक्त ओळखीचा आहे, त्यात रिपोर्ट नसतात. रिपोर्ट जिथं तयार झाले त्या दवाखान्याकडंच राहतात. ते पुढं जायचे तर दोन्ही दवाखान्यांचं सॉफ्टवेअर आयुष्मान भारत डिजिटल मिशनला, म्हणजे आरोग्याच्या नोंदींच्या सरकारी जाळ्याला, जोडलेलं लागतं. बेळगावच्या दवाखान्यानं तो रिपोर्ट त्या आभा नंबराशी जोडावा लागतो. मग कोल्हापूरचा दवाखाना मागणी पाठवतो, आणि कोणते कागद, किती दिवसांसाठी, हे बघून पेशंट मोबाईलवर परवानगी देतो. गाडं अडतं ते मधेच: नोंदणीला नंबर टिपला जातो, रिपोर्ट जोडायचा राहून जातो. किंवा ओटीपी जातो पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर आणि म्हातारा खिडकीपाशी उभा. म्हणून डिस्चार्ज कार्ड छापून हातात द्यायचंच. आणि आभा म्हणजे मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड नव्हे, हेही काउंटरवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावा.

‘रांगा संपतात.’ क्यूआर स्कॅन करून टोकन मिळतं, त्यामुळं नोंदणीची रांग खरंच कमी होते. पण तीच रांग डॉक्टरच्या दारात सरकते. 80 पेशंटांची ओपीडी धरा, दर पेशंटमागं टायपिंगची 2 मिनिटं जादा धरा, झाली 160 मिनिटं. त्यामुळं पहिले दोन-तीन आठवडे अपॉइंटमेंट कमी घ्यायच्या. सुरुवात नोंदणी, बिल, लॅब आणि फार्मसीपासून. मग एकेका विभागाच्या डॉक्टरांच्या नोंदी. वॉर्डातली औषधं सगळ्यात शेवटी. सगळा दवाखाना एकाच सोमवारी संगणकावर न्यायचा हट्ट विक्रेत्याच्या सोयीचा असतो, नर्सच्या नव्हे.

‘चुका थांबतात.’ अक्षर न लागल्यामुळं होणाऱ्या थांबतात, आणि त्यांच्या जागी नव्या येतात. मेथोट्रेक्झेट हे औषध संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. औषध निवडल्यावर सॉफ्टवेअरनं ‘रोज एकदा’ आपणहून भरलं आणि गडबडीत ते तसंच राहिलं, तर छापील चिठ्ठीवर कुणी शंकाही घेत नाही. रोजच्या डोसनं रक्त तयार करणारी अस्थिमज्जा दबते, जीवही जातो. उपाय औषधांच्या यादीतच करायचा: संधिवाताच्या डोसला ‘आठवड्यातून एकदा’ हाच पर्याय, आणि वार भरल्याशिवाय चिठ्ठी छापायची नाही. स्क्रीनवर उठसूट धोक्याच्या सूचनांच्या खिडक्या उघडत राहिल्या तर डॉक्टर त्या न वाचता बंद करतात; म्हणून जीवघेण्या चुकांबद्दलच्या तेवढ्याच ठेवायच्या.

त्याहून मोठा घोळ नोंदणीच्या खिडकीवर होतो, आणि आपल्याकडं तो जरा जास्तच. बाईचं माहेर चंदगडचं, सासर खानापूरचं. आधार माहेरच्या नावाचं, रेशन कार्ड सासरच्या. एका कागदावर मधे नवऱ्याचं नाव, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं. रोमन लिपीत लक्ष्मी कुणी एक्स घालून लिहितो, कुणी केएसएच. सविता कधी एच लावून, कधी एचशिवाय. जन्मतारीख माहीत नसली की सगळ्यांची 1 जानेवारी. क्लार्कला नाव सापडत नाही, तो नवी फाईल उघडतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी जुन्या फाईलमध्ये राहते आणि आजचा डॉक्टर बघतो ती कोरी.

नियम असा ठेवावा: आधी शोध, मगच नवी नोंद. नावाची पहिली तीन अक्षरं, जन्मवर्ष, गाव आणि मोबाईलचे शेवटचे चार आकडे, असं शोधायचं. क्लार्कला दोन फाईल एकत्र जोडायचा अधिकार द्यायचा नाही. एकाच पेशंटच्या वाटणाऱ्या फाईलींच्या जोड्यांची यादी आठवड्याला रेकॉर्ड विभागाकडं जावी आणि तिथं कागद ताडून जोडणी व्हावी. एकाच पेशंटच्या दोन फाईल परवडल्या, पण दोन वेगळ्या माणसांची एक फाईल झाली तर चुकीचा रक्तगट पुढं जातो.

‘महिन्यात पेपरलेस.’ नाही होत. लाईट गेल्यावर संगणक यूपीएसवर चालू असतो, पण नेटवर्कचा स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) साध्या प्लगवर असतो, म्हणून सगळं ठप्प. आधी स्विच आणि राउटर यूपीएसवर घ्या. प्रत्येक वॉर्डात क्रमांक घातलेले कोरे फॉर्म ठेवा, आणि चालू औषधांची यादी दर सहा तासांनी छापा. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथंही कित्येक दिवस हातानं लिहावं लागलं. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी, आणि ती परत उघडते का हे तीन महिन्यांतून एकदा करून बघायला हवं.

करारात एक कलम न विसरता घाला: सॉफ्टवेअर सोडताना सगळा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत मिळेल. 2002 च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणं दाखल पेशंटचे कागद 3 वर्षं ठेवावे लागतात आणि पेशंटनं मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात. कंपनी बदलली म्हणून ती मुदत वाढत नाही.