मतभेद आणि भाड्याचे घर

पुण्याला मतभेदांचे वावडे कधीच नव्हते. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले आणि पुढे सामाजिक सुधारणांच्या प्रश्नांवर त्याच दोघांनी 'केसरी' व 'सुधारक'मधून एकमेकांचे असे वाभाडे काढले, की आजचे फेसबुकवरचे वाद त्यापुढे मवाळ वाटावेत. १८९५ साली आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. ही आठवण आपण अभिमानाने सांगतो. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्राही याच शहरात निघाली होती, हे मात्र जरा आवाज खाली आणून सांगतो.

वादाची भाषा किती कडक आहे, यावरून मी कोणाची सहिष्णुता मोजत नाही. समोरच्याचे मत किंवा राहणीमान पटले नाही, म्हणून त्याच्या पाण्याला, घराला, पंगतीतल्या पानाला कोणी हात घालतो का, एवढेच पाहतो. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे दिली गेली, उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली आणि १८९२ साली न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. कपभर चहासाठी!

त्याआधी, १८७५ साली, स्वामी दयानंदांची मिरवणूक पुण्यात निघाली, तेव्हा तिच्यावर चिखलफेक झाली. वेदांचे प्रामाण्य जोतीराव फुल्यांना अजिबात मान्य नव्हते आणि दयानंदांचा तर सारा भर वेदांवरच होता. तरीही जोतीराव आपल्या माणसांसह त्या मिरवणुकीच्या पाठीशी उभे राहिले. पुण्याच्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात कोणी कोणाचे मत स्वीकारलेले नाही.

आज ग्रामण्याची भाषा कोणी करत नाही. जातपंचायतींच्या जाचावर उपाय म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदाही केला. पण पुण्यात भाड्याने घर शोधून पाहा. एजंट आधी आडनाव विचारतो, मग काय खाता ते विचारतो आणि भाड्याचा आकडा सर्वांत शेवटी सांगतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देताना संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, फक्त कळवावे लागते; तरी 'कमिटीला चालत नाही' हे वाक्य सर्रास ऐकू येते. कायदा इथे फार दूरवर साथ देत नाही, हेही मान्य केले पाहिजे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला होता. म्हणजे उरलेले काम शेजाऱ्यांनाच करायचे आहे.

आमच्या सोसायटीतही 'बॅचलर आणि मांसाहारी भाडेकरू नकोत' असा ठराव आला आहे. निमित्त तिसऱ्या मजल्यावरच्या सुक्या बोंबलाचे. तक्रार खोटी नाही. बोंबील भाजायला घेतले, की वास जिन्यातून थेट पाचव्या मजल्यापर्यंत येतो आणि मलाही तो सोसत नाही. पण मग गणपतीआधी नदीपात्रात चालणारा ढोल-ताशांचा सराव, पहाटेची भजने आणि शेजारच्या हळदी समारंभातला डीजे यांबद्दल कोणाच्या भाड्याच्या करारावर गदा आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्या सवयीचा त्रास आपल्याला त्रास वाटत नाही, इतकेच. वासाची तक्रार असेल तर वासापुरतेच बोलावे: एक्झॉस्टचे तोंड जिन्याकडून डक्टकडे वळवता येते, ओला कचरा त्याच दिवशी खाली नेता येतो आणि दोन्हींचा खर्च वाटून घेता येतो. माणसालाच बाहेर ठेवणे हा वासावरचा इलाज नव्हे.

ठराव मांडणारे काका माझे जुने शेजारी आहेत. आमचे एकमेकांकडे जाणे-येणे आहे आणि ते थांबवण्याचा माझा विचार नाही. येत्या सभेत मी ठरावाच्या विरोधात मत देईन, माझा विरोध इतिवृत्तात नावासह नोंदवावा असे सचिवांना लेखी कळवले आहे आणि एक्झॉस्ट वळवण्याच्या खर्चाचा अंदाजही त्या पत्रासोबत जोडला आहे.