भंगार आणि बंगारम

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल एका दोस्तानं टाकलं, "सोलापूर भंगार झालंय बे, आता काय होत नाही." खाली पटापट अंगठे. मी दिला नाही. सोलापूरचं काय व्हायचं ते होवो, पण शब्द चुकलाय. तिथं लिहिलं तर म्हणतील मास्तर आला, म्हणून इथं लिहितोय.

आम्ही पूर्व भागात राहायचो. शेजारी तेलुगू घर. तिथली अव्वा मला जवळ ओढून "ना बंगारम" म्हणायची. बंगारम म्हणजे सोनं. कन्नडमध्येही बंगारा म्हणजे सोनंच. आपल्या जुन्या मराठीत भांगार म्हणजे सोनं, ज्ञानेश्वरीत तो शब्द त्याच अर्थानं येतो, आणि कोकणीत अजूनही सोन्याला भांगार म्हणतात. आपलं मोडक्या लोखंडाचं भंगार 'भंग'वरून आलेलं, त्याचं कूळ निराळं. पण तिसरीतल्या पोराला कुठली व्युत्पत्ती? गणिताच्या सरांनी वही भिरकावून "भंगार आहेस तू" म्हटलं, तर मी घरी येऊन अव्वाला सांगितलं की सरसुद्धा मला बंगारम म्हणाले. तिनं खूश होऊन भाकरीवर शेंगाचटणी आणि वर तेलाची धार घालून दिली.

पुढं काकांचे चार माग विकले. बिनधोट्याचे रॅपियर माग आल्यावर साध्या मागाला कोण विचारतो. भंगारवाला दोन पोरं घेऊन आला. बीड एकीकडे, पत्रा एकीकडे, मोटारीतलं तांबं तिसरीकडे, प्रत्येकाचा भाव वेगळा. एक पोरगं पायरीवर बसून मोटारीतली तार इतकी जपून काढत होतं, की काका उभे राहून बघतच राहिले. शेवटी आडवा धागा नेणारा लाकडी धोटा उरला. भंगारवाल्यानं तो हातात तोलला आणि परत दिला. "याला वजन नाही मालक." तो धोटा आमच्या टीव्हीशेजारी आहे.

आता बघा, ज्याला काटा लावतात, भावावरून घासाघीस करतात, जे भट्टीतून पुन्हा सळई होऊन बाहेर येतं, ते कायमचं गेलं कसं म्हणायचं? भंगार झालं म्हणजे त्या वस्तूचं ठरलेलं काम सुटलं, इतकंच. 'मोडीत काढणं'ही तसंच. जुन्या पाटल्या मोडायला नेल्या की सराफ घट धरतो, कुरकुरतो, पण सोनं काही फेकून देत नाही. सरकारी मराठीत आणखी एक आहे, निर्लेखन. शाळेची पडकी खोली निर्लेखित झाली की दप्तरातून तिचं नाव जातं. खोली मात्र पाडेपर्यंत पावसात उभीच. (असली खोली बघायला लांब जावं लागत नाही.)

खरंच हातचं गेलं, याला माझ्या मते एकच शब्द उरतो आणि तो मला गेल्या पुरात ऐकू आला. सप्टेंबर २०२५. सीना पात्र सोडून रानात घुसली. माढ्याकडं मावसभावाचं रान नदीकाठाला आहे. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'खरडून गेलेली जमीन'. खरडून! पातेल्याच्या बुडाची खरवड काढावी तशी. मी गेलो तेव्हा काळी माती कुठंच नव्हती, नुसता पांढुरका मुरूम, आणि बांधाजवळ ठिबकच्या नळीचा एक गुंता. सातबारा मात्र तसाच, क्षेत्र गुंठ्यालाही कमी नाही. निर्लेखनाच्या बरोबर उलटं. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं जातात, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून कुणीच बोललं नाही. जमीन भंगार झाली असं त्या गावात मी एकाच्याही तोंडून ऐकलं नाही.

परवा त्याचा फोन आला. तलावातला गाळ आणून पसरतोय. ट्रॉलीला किती पडले ते सांगितलं आणि हसला. "दादा, आजवर कुणाचं वाटोळं झालं की गाळात गेला म्हणायचो. आता गाळासाठी नंबर लावून बसलोय. सहा ट्रॉल्या झाल्या, अजून बांधापासचा कोपरासुद्धा झाकला नाही."